सध्या कितव्या वर्षाला?

प्रिय उदयसिंह,

माझी तुझ्याविरुद्ध रीतसर तक्रार आहे. तुझ्या प्रश्नावलीच्या पहिल्याच वाक्यात 'शैक्षणिकमार्गनिवडप्रभावकघटक' असा एक समास आहे. त्याचा विग्रह करता करता माझा चहा गार झाला. जन्मभर संस्कृत शिकवलेल्या माणसाची ही गत, तर इंजिनिअरिंगच्या पोरांनी काय करावं? शाळेत माझ्या वहीतून समास उतरवायचास, त्याचा सूड असा घेऊ नये.

बाकी तू सांगितलंस तसं केलं. तू साताऱ्यातून सगळ्या कॉलेजांना पाठवण्याआधी इथे तासगावात दोन-चार घरी ती फिरवून पाहिली. शेजारचे दादासो तर मुलाच्या हातातला मोबाईल घेऊन स्वतःच बसले. "रविराजला काय इचारताय गुरुजी? इंजिनेर मी करतोय त्येला, मीच सांगतो की!" 'ही शाखा कोणी निवडली?' यावर त्यांनी ठामपणे 'स्वतः'वर बोट दाबलं. खोटं तरी कसं म्हणू? तेव्हा माझी सूचना लिहून घे: पोरं उत्तरं देत असताना आईबापांना खोलीबाहेर घालवावं.

मग आमच्या क्रांतीला दिली. ती सांगलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तुला ठाऊकच आहे. बेदाण्याच्या हंगामात इकडची पोरं चार दिवस शेडवर हात लावायला येतातच, तशी ती आली. हंगाम उरकला, शेड रिकामी झाली, ही अजून इथेच. तुझी वहिनी खूश आहे. म्हणते, "पोरगी आलीया तर ऱ्हाऊ द्या की. कालेज काय पळून चाललंय?"

मी मात्र माझीच सूचना विसरून तिच्या शेजारी बसलो. नाव, गाव, बारावीचे गुण, सगळं भराभर झालं. 'सध्या कितव्या वर्षाला आहात?' इथे तिचं बोट थांबलं. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. एक निवडल्याशिवाय तुझी प्रश्नावली पुढे सरकू देत नाही. तिनं फोन माझ्या मांडीवर ठेवला, "आप्पा, चार्जिंग संपत आलंय," म्हणाली आणि उठून गेली. फोन माझा होता, नुकताच चार्ज केलेला.

'शिक्षण थांबवलं आहे' असा एक पर्याय तिथे घाल. तुझ्या अभ्यासाला लागेलच.

पण एवढं तर फोनवरही सांगता आलं असतं. पत्र लिहितोय, कारण पुढचं तोंडानं बोलवत नाही. क्रांतीनं कॉलेज सोडलंय, असं मला वाटतं. रोज विचारायचं ठरवतो आणि भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढंच विचारून उठतो. तुझ्याशी ती मोकळी बोलते. या आठवड्यात येऊन जा. तिच्यावर काय गुदरलंय मला माहीत नाही, आणि ते बापाला सांगावं असं तिला वाटलं नाही. मला फार भीती वाटते रे.

वाट पाहणारा तुझाच,
नाथाजी