बांबूचा टेकू

मोहगाव, फेब्रुवारी

सुमेधदादा, सप्रेम जय भीम.

हे पत्र मी तुले पाठवणार नाही, तरी लिहून राहिली.

त्या एप्रिलच्या उन्हात संत्र्याच्या बगीच्यात माझे पाय लुळे पडले, अन् तू मले उचलून घरी आणलं. माझ्या या नसांच्या आजारात, मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, गरमीनं अंग साथ सोडते, हे तवा समजलं. तू खिडक्यांले जाड पडदे लावले, मले पाण्यासाठीही उठू दिलं नाही. आता नोकरीवर भोपाळले आहे, तरी तिथून रोज फोनवर विचारतो, "सावलीतच बसली आहे ना, प्रज्ञा?"

मागच्या महिन्यात नागपूरले हाडं तपासली. विरळ झाली आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या आजारासाठी घेतलेल्या स्टेरॉइडनं होतं, बसून राहिल्यानं होतं, ऊन न मिळाल्यानंही होतं. गोळ्या घ्या, अन् सकाळच्या कोवळ्या उन्हात आधार धरून उभ्या राहत जा."

आता आई मले सकाळीच बगीच्यात नेते. फळांनी वाकलेल्या फांद्यांले बांबूचे टेकू लावले आहेत, त्यातलाच एक धरून मी उभी राहते. धुक्यातून ऊन हळूहळू पाठीवर उतरते. डोळे मिटले की वाटते, पायांले मुळं फुटून राहिली, अन् हाडांत संत्र्यासारखा रस भरून राहिला.

काल तशीच उभी असताना तुझा फोन आला. सावलीत आहे, असंच सांगितलं. खरं सांगितलं असतं, तर ते पडदे तुलेच टोचले असते.

"आवाज आज मोकळा येऊन राहिला तुझा," तू म्हणाला.

भीमजयंतीले येशील, तवा दार मीच उघडीन. मंग सांगीन.

तुझी,
प्रज्ञा