उन्हाळ्यात स्वेटर कशाला म्हणे

धाकटे, ताईचे तुला आशीर्वाद.

शिडाच्या बोटीवर स्वयंपाकाचं काम चांगलं जमलंय. थोडा खोकला आहे, तो तुझ्या भावोजींच्या शहाणपणामुळे. उन्हाळा आहे म्हणून त्यांनी माझा लोकरी स्वेटर पिशवीतून काढून ठेवला. इथे उत्तरेकडच्या समुद्रावर सकाळी ऊन, तर दुपारी गार वारा आणि पाऊस. खाऱ्या पाण्यात भिजलेलं सुती कापड दिवसभर वाळत नाही.

वर चहा द्यायला जाताना भिजते म्हणून रेनकोट मागितला, तर कप्तान म्हणतो, "बाई, रेनकोट डेकवर काम करणाऱ्यांना. तुम्हाला खाली स्वयंपाकघरात कशाला?"

मी म्हटलं, "मग चहाही खालीच मिळेल."

तासाभरात निमूटपणे कोट घेऊन आला.

आईचे गुडघे कसे आहेत? भावोजींकडून स्वेटर मागून घे आणि पाठव. खोकल्याचं मात्र बोलू नकोस. लगेच परत बोलावतील, आणि मला यायचं नाही.

तुझी ताई