विशाखाची चित्रांची वही

अहो, कारखान्यात तुमचा फोन लागत नाही. मी उधना स्टेशनवर चालले आहे, तुम्हीही असाल तसे तिकडे या.

तुम्ही विशाखाची ती जपानी चित्रांची पुस्तकं पस्तीवाल्याला रद्दीत देऊन टाकलीत, तेव्हापासून पोरगी वहीत स्वतःच एक गोष्ट काढत होती. परवा मी ती चोरून पाहिली. आधी रिकामा फलाट, मग गाडीत बसलेली मुलगी, मग आपली गल्ली, आणि शेवटी ती माझ्याशेजारी जेवते आहे. मला वाटलं, चला, गेला एकदाचा राग.

आज ती शाळेत पोचलीच नाही. तिची मैत्रीण चैताली विचारायला आली, तिला मी वही दाखवली. ती म्हणाली, "काकी, ही गोष्ट त्या जपानी पुस्तकांसारखी मागून पुढे वाचायची असते."

म्हणजे रिकामा फलाट शेवटी आहे.