टोकाला कानस लावू नये

४ मार्च

दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. वहिनीने विणलेला स्वेटर पोचला. एक बाही जरा लांब आहे, पण माझाही एक हात दुसऱ्यापेक्षा लांब असावा, कारण तक्रार करावीशी वाटत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरतोस की खिडकीतूनच जग बघतोस? गेल्या पत्रात तू मोजून दोन ओळी लिहिल्या होत्यास आणि त्यातली एक हवामानाची होती. फोन करावा तर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलायला लागले की शेजारीण दार उघडून उभी राहते. म्हणून आपलं पत्रच बरं.

आता बातमी. नीट टेकून बस. माझ्याकडे बाबांच्या भोपळ्याच्या सात बिया आहेत.

हो, त्याच. बाबांच्या शेवटच्या राक्षसाच्या, ज्याला प्रदर्शनात वजनकाट्यावर चढवायला आठ माणसं लागली होती. घर आवरताना कपाटात एक डबी हाती लागली, उघडली तर सातच्या सात आत. फार खोलात शिरू नकोस. एवढंच लक्षात घे की बाबांनी पंचवीस वर्षं जपलेलं हे वाण आता या सात बियांपुरतं उरलं आहे. या गेल्या की संपलं.

सात वर्षं जुन्या आहेत, म्हणजे हट्टी असणार. कवच एवढं जाड की नखाने दाबलं तर नखच वाकतं. बाबा कवच कानशीने घासून पातळ करायचे एवढं मला आठवतं, बाकी काही आठवत नाही. तुम्ही मला वेलाजवळ येऊ तरी कुठे द्यायचात? माझं काम एकच, मोजपट्टीचं दुसरं टोक धरायचं. पण कानस म्हटलं की मी कुणाला हार जाणार नाही. दिवसभर कवळ्या घडवते, दुसरं करते काय?

काल तीन बिया घासल्या, कोमट पाण्यात भिजवल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. गवंडीभाऊंना विचारावं असं एकदा मनात आलं, वेलाशी तुझ्या जोडीने तेच तर असायचे. पण ते नाव तुला लिहायचं नाही असा आपला अलिखित करार आहे, तेव्हा हे वाक्य खोडलं आहे असं समज.

तुझी,
धाकटी

१७ मार्च

दादा,

चार पानं! पोस्टमनने पाकीट दिलं तेव्हा मला वाटलं दुसऱ्या कुणाचं आहे. सात वर्षांत तू सगळी मिळून चार पानं लिहिली नसशील. वहिनीने खाली वेगळी ओळ लिहिली आहे की तू जेवताना ताटात बोटाने बियांची आकृती काढून दाखवत होतास. वाचून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

पण तुझं पत्र उशिरा आलं. पहिल्याच ओळीत तू विचारलं आहेस, कुठून घासल्यास? कडेने ना? आता हसू नकोस. मी टोकाकडून घासल्या. कवळीचा दात कुठलाही असो, त्याचं टोक आधी गोल करायचं, नाहीतर हिरडीला बोचतं. तीस वर्षं हेच करते आहे, माझा हात विचार न करताच टोकाकडे जातो. बी हातात आली, टोक दिसलं, लावली कानस. चांगली गुळगुळीत केली, वर पॉलिशही करणार होते. आणि तू लिहितोस की मूळ नेमकं त्याच टोकातून बाहेर पडतं आणि तिथे कानस लावली की आतला कोंब जखमी होतो. दहा दिवसांनी फडकं उघडलं तर वासच आला. तीन गेल्या.

पुढच्या दोन मी कडेनेच घासल्या होत्या, मनानेच, तिन्ही कुजल्यावर एवढी अक्कल आली होती. पण ऊब कुठून आणायची? आमच्या वर्कशॉपात कवळ्या पक्क्या करायची गरम पाण्याची टाकी आहे, तिच्या झाकणावर पुडी ठेवली. झाकण छान कोमट असतं. दुपारी आमच्या पॉलिशवालीने घाईचं काम आलं म्हणून टाकी उकळीला लावली. संध्याकाळी पुडी सोडली तर बिया शिजलेल्या. ती बिचारी रडायलाच लागली. मी तिला चहा पाजला आणि मग स्वतः जिन्यात जाऊन रडले.

दोन उरल्या. दादा, मला भीती वाटते. दातांचं बरं असतं, मोडला तर दुसरा घडवता येतो.

तू डबी कुठे सापडली असं तीनदा विचारलं आहेस, तिसऱ्यांदा अधोरेखित करून. आणि शेवटी लिहिलं आहेस, ‘म्हणजे त्यानेच गुपचूप परत आणून ठेवल्या की काय?’ नाव तू टाळलंस, तरी कोण ते कळलं. हे वाक्य मी फार वेळा वाचलं. दुसऱ्या दिवशी कामावर एका बाईंच्या कवळीत दोन दात उलटे बसवले. तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, पण आज नको. आधी एक काम उरकून यायचं आहे.

धाकटी

२ एप्रिल

दादा,

रुजली! एक बी रुजली. तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं मूळ आधी बाहेर आलं, मग करंगळीएवढं झालं, आणि आज सकाळी कुंडीतून मान वर काढून उभी आहे. डोक्यावर कवचाची टोपी अजून तशीच. टोपी ओढायचा मोह होतो, पण ओढायची नाही, नुसती ओली करत राहायची, असं मला बजावून ठेवलं आहे. कुणी ते सांगते.

हे आधी लिहिलं कारण पुढचं वाचून तू पत्र फाडशील, आणि आनंदाची बातमी तरी तुला मिळालेली असावी.

बिया मी घेतल्या होत्या.

प्रदर्शनाच्या मैदानावर भोपळा कापला तेव्हा शंभरभर बियांतल्या भरलेल्या फक्त सात निघाल्या. तू त्या डबीत घातल्यास, टेबलावर ठेवल्यास आणि मला म्हणालास, ‘धाकटे, इथे उभी राहा, पण हात लावू नकोस.’ तू सहज बोललास, मला ठाऊक आहे. पण बाबांना जाऊन तीन महिने झाले होते, जागा तुझी, अवजारं तुझी, वेल तुझा, आणि मला हात लावायचीसुद्धा बंदी. रागाच्या भरात डबी पर्समध्ये टाकली. म्हटलं, एक वेल मी लावीन आणि मग दाखवीन या मोठ्या भोपळेवाल्याला. संध्याकाळी सांगणारच होते.

पण तू आधीच गवंडीभाऊंवर ओरडलास. टेबलाशी माझ्याखेरीज तेच आले होते, आणि माझ्यावर संशय घ्यावा हे तुझ्या स्वप्नातही नव्हतं. तू त्यांना सगळ्यांदेखत खिसे उलटे करायला लावलेस. त्यांनी केले. ओळंब्याची दोरी निघाली, खडूचा तुकडा निघाला, एक गोळी निघाली. मी दहा पावलांवर होते, पर्स काखेत घट्ट धरून. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, मग पुढच्या आठवड्यात, मग तू जागा विकून मुलाकडे राहायला गेलास. लहानपणापासूनची तुमची मैत्री माझ्या पर्समध्ये गेली आणि मी गप्प बसले. लाज वाटते, दादा. सात वर्षं वाटते आहे.

तुझ्या त्या वाक्यानंतर मात्र राहवेना. रविवारी दुपारी गवंडीभाऊंच्या घरी गेले. ते स्वतःच्याच स्वयंपाकघरात फरशी बसवत होते. गवंडीवहिनी माहेरी गेल्या की त्यांना घर फोडायचा उत्साह येतो. मी दारातच उभी राहून सगळं एका दमात सांगितलं. थापी त्यांच्या हातातच राहिली. मला वाटलं, आता फेकून मारतात. मग ते तसेच ओल्या फरशीवर बसले आणि म्हणाले,

“धाकटे, सात वर्षं मी विचार करतोय, की मीच चुकून कुठे ठेवल्या होत्या का. रोज सदरा काढताना खिसे चाचपतो.”

मी रडत होते. त्यांनी विचारलं,

“किती उरल्या?”

एवढंच. माणूस आहे की काय आहे. मी दोन म्हटल्यावर हात धुऊन उठले, दोन्ही बिया उजेडात धरून बघितल्या, कडेने चार-चारदाच कानस फिरवली. आधीच्या तिघींची गत ऐकून मात्र इतके हसले की खोकला लागला. आता गल्लीत सगळ्यांना सांगतात, ही बाई भोपळ्याला कवळी बसवते.

मग मी उबेचं विचारलं. ते म्हणाले, ऊब कशाला शोधायला हवी, माणूस आहे ना. ओल्या चिंधीत बिया गुंडाळल्या, चिंधी प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवी बंडीच्या आतल्या खिशात, छातीशी. दादा, ते सहा दिवस तशीच घेऊन हिंडले. भिंतीवर चढले तरी खिशात, जेवताना खिशात. झोपताना उताणे, कुशीवर वळायचं नाही. गवंडीवहिनी माहेरून परतल्या आणि म्हणाल्या, लग्नानंतर मला इतकं जपलं नव्हतं. सहाव्या दिवशी बांधकामावरून धावत आमच्या वर्कशॉपात आले, हाताला सिमेंट, आणि सगळ्यांसमोर खिसा उघडून दाखवला. ज्या खिशात तू चोरी शोधलीस, त्यातच ती रुजली. पॉलिशवालीने टाळ्या वाजवल्या. आमचे डॉक्टरसाहेब एका रुग्णाच्या तोंडात साचा तसाच ठेवून बघायला आले.

दुसरी बी अजून त्यांच्या खिशात आहे. हट्टी आहे, आपल्या घरावर गेली आहे.

आता तू ठरव. दोन पानं फुटली की ती कुंडीत फार दिवस राहणार नाही, खड्डा करून लावावी लागेल. जागा गवंडीभाऊंच्या परसात आहे. मी त्यांना विचारलं की दादाला काय लिहू. ते म्हणाले, काही लिहू नकोस, रोप किती मोठं झालं तेवढं लिही. ते लिहिलं. बाकीचं माझ्या जबाबदारीवर. रागावणार असशील तर भरपूर रागव, पण माझ्यावर. त्यांच्यावर आता पुरे.

तुझी,
धाकटी

१४ एप्रिल

दादा,

तुझं पाकीट काल आलं. वर माझं नाव, आत दुसरं बंद पाकीट, त्यावर त्यांचं नाव, आणि माझ्यासाठी एक ओळसुद्धा नाही. मी पाकीट उलटं करून झटकलंही. बरं, समजले.

संध्याकाळी नेऊन दिलं. कुंडी मी त्यांच्या ओसरीत हलवली आहे; रोपाला आता तळहाताएवढी दोन पानं आहेत आणि मध्ये तिसरं उमलतं आहे. ते त्याच्याजवळच पाट टाकून बसले होते. पाकीट हातात घेतलं आणि चष्मा सापडत नाही म्हणाले. चष्मा डोक्यावर होता. पाकीट माझ्याकडे दिलं आणि वाचून दाखव म्हणाले.

म्हणून तुझं पत्र मला मोठ्याने वाचावं लागलं, तू माझ्यासाठी लिहिलेलं नसताना. ‘तुझे खिसे मी मैदानात चारचौघांसमोर उलटे करायला लावले. या वर्षीच्या प्रदर्शनात त्याच मैदानावर, त्याच लोकांसमोर तुझी माफी मागणार आहे. त्याआधी घरी येऊन मागतो. गुडघ्यांना गाडी चालत नाही, पण मला चालेल. तोवर खड्डा खणू नकोस. तुझा खड्डा नेहमी उथळ असतो.’

शेवटची ओळ त्यांनी मला तीनदा वाचायला लावली. तिसऱ्यांदा मी अर्ध्यात आले नाही तोच त्यांनी ती पाठ म्हणून पुरी केली.

“उथळ म्हणे,” ते म्हणाले, आणि उठून परसात गेले. मी मागोमाग गेले. खड्डा त्यांनी सकाळीच खणून ठेवला होता, चांगला कमरेएवढा, खत घालून, वरून पोतं झाकून. त्यांनी पोतं काढलं, फावडं घेतलं आणि तो पुन्हा बुजवायला सुरुवात केली.

मला विचारलं नाहीस तरी सांगते, मीही फावडं धरलं. अंधार पडायच्या आत जमीन सपाट केली आम्ही. कुणी हात लावलेला कळत नाही. तू येऊन खण.

तुझी अपराधी, आणि सात वर्षांत पहिल्यांदा शांत झोपलेली,
धाकटी