शेवट सांगू नकोस

उलवे
रविवार, २२ फेब्रुवारी २०२६

चि. इंद्रजित यास,
आशीर्वाद.

आज सकाळी पाणी कमी दाबाने आलं. दोन बादल्या भरून ठेवल्या. खाली जाऊन दूध आणि मेथीची जुडी आणली. मेथी निवडायला घेतली आणि तशीच वर्तमानपत्रावर सोडली. दुपारी भात आणि कालची आमटी. वैजयंती तिच्या बहिणीकडे चिपळूणला गेली आहे, बुधवारी येईल. मी पावणे एमआयडीसीतल्या कंपनीत पुन्हा जायला लागलो आहे. तिथे कोणी फारसं बोलत नाही, ते बरं आहे. खारघरला तुम्ही सगळे ठीक असाल.

तुझे फोन आलेले पाहिले. मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर मी "हो, बरं, बघू" म्हणतो आणि मग ज्याला हो म्हटलं ते करावं लागतं. जाताना वैजयंतीच म्हणाली, "भावजींशी बोलू नका. लिहा. बोललात तर देऊन बसाल." म्हणून कागद घेतला.

तुझा मेसेज असा होता: "दादा, ऋषीचं गेमचं मशीन उगाच धूळ खात पडलंय. तुला पण बघून त्रास. मिथुनला दे, तो खेळेल. ऋष्याला पण बरं वाटेल."

मशीन मी देणार नाही. हे आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझं डोकं फिरलं आणि कागद बाजूला टाकलास तरी उत्तर मिळालेलं असेल. मिथुन तुझा मुलगा आहे, त्याला तू दुसरं घेऊन दे. आणि ते धूळ खात नाही. मी पुसतो.

ऋषीला काय बरं वाटेल हे सांगणं तू आता थांबव. तो गेल्यापासून ते काम तू स्वतःकडे घेतलं आहेस.

तू खूप धावपळ केलीस, ते मी नाकारत नाही. हॉस्पिटलमध्ये तू पुढे होतास, पोलीस चौकीत तू बोललास, मी बाकावर बसून होतो. त्या अपघाताबद्दल, त्या रस्त्याबद्दल आणि त्या ट्रेलरबद्दल मी काही लिहिणार नाही. तेव्हापासून सगळे मला सांगतात, "इंद्रजित होता म्हणून निभावलं." खरं आहे. पण त्यामुळे तुला काही बोलायची सोय राहिली नाही. जो माणूस तुमच्या मुलाला खांदा देतो, त्याला तू माझ्या घरात काय करून गेलास हे विचारायचं कसं? दीड महिना मी ते विचारलं नाही. आज विचारतो.

दहाव्याचा दिवस आठव. तलावावर पिंड ठेवला होता. कावळा समोरच्या भिंतीवर बसला होता आणि खाली यायला तयार नव्हता. एकेक जण हात जोडून सांगत होता. मामा म्हणाले, "आईबाबांकडे आम्ही बघू, काळजी करू नकोस." मागे कोणीतरी हळूच विचारलं, "कुठे लग्नाचं होतं का मनात?" कोणी म्हणालं, "त्याला बाहेरगावी जायचं होतं." गुरुजी दोनदा माझ्याकडे पाहून म्हणाले, "वडिलांनी बोलावं." मी बोललो नाही. तिथे वीसेक माणसं होती.

मग तू पुढे झालास आणि खणखणीत आवाजात म्हणालास, "ऋष्या, तुझा तो गेम अर्धा राहिलाय ना? टेन्शन नको घेऊस. मी पुरा करतो. जा तू." आणि कावळा आला.

सगळ्यांनी तुझ्याकडे कसं पाहिलं! गुरुजीसुद्धा म्हणाले, "हेच होतं बघा मनात." मामांनी तुझ्या पाठीवर हात ठेवला. परत येताना गाडीत तू स्वतःच रडत होतास आणि मी तुला पाण्याची बाटली दिली.

इंद्रजित, तो गेम ऋषीचा राहिला नव्हता. ऋषीने तो चार वेळा पुरा खेळला होता. अर्धा राहिला होता तो माझा.

हसू आलं असेल तर हस. मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. कंपनीत नाही, तुला नाही. ऋषीने विचारलं होतं, "बाबा, तुमचं नाव टाकू ना इथे?" मी म्हटलं, नको. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस रविवारी संध्याकाळी हातात रिमोट घेऊन बसतो हे जगाला कशाला कळायला हवं? तो म्हणाला, "रिमोट नाही हो, कंट्रोलर." पण नाव टाकलं नाही. दिवाळीत तू आलास तेव्हा पडद्यावर जो अर्धा गेम दिसला तो बिनानावाचा होता, म्हणून तू तो त्याचा धरलास.

सुरुवात त्यानेच केली. गेल्या पावसाळ्यात एक दिवस म्हणाला, "बाबा, हा गेम डोक्यातून पुसून टाकता आला पाहिजे. मग परत पहिल्यांदा खेळायचा. त्याच्यासाठी मी काय पण देईन."

मी विचारलं, "मग पुन्हा खेळ की. कोण अडवतंय?"

"खेळलो ना चार वेळा. पण आता मला सगळं माहीत आहे. पहिल्यांदा एकदाच असतं." मग माझ्याकडे पाहत राहिला. "तुम्हाला काहीच माहीत नाही."

"मला यातलं काय कळणार?"

"तेच तर पाहिजे. तुम्ही खेळा. मी तुमच्या तोंडाकडे बघत बसतो."

एक बेट आहे. त्यावर पाण्याचे दरवाजे आहेत. मोठी चाकं फिरवली की पाणी चढतं किंवा उतरतं आणि नव्या वाटा दिसतात. मारामारी नाही. कोणी बोलत नाही, काय करायचं तेही कोणी सांगत नाही. मला ते आवडलं. पहिल्या दिवशी माझा माणूस सारखा भिंतीला धडकत होता आणि ऋषी हसून हसून जमिनीवर पडला होता. वैजयंती स्वयंपाकघरातून म्हणाली, "घरात एक पोर होतं ते काय कमी होतं!"

पण तो सांगायचा नाही काही. ती त्याची अट होती. मी चुकीच्या दरवाजाकडे निघालो की उशी तोंडावर धरायचा. मी म्हणायचो, "अरे, नुसतं डावीकडे की उजवीकडे, एवढं तरी?" तो उशीच्या आडून मान हलवायचा. एका घंटाघरापाशी मी तीन रविवार अडकलो. चिडलो, नको म्हटलं. तो चहा करून आणायचा आणि पुन्हा शेजारी बसायचा. चौथ्या रविवारी मी कंटाळून सगळं पाणी उतरवलं आणि मागच्या ओहोळातून चालत गेलो, तर घंटाघराचं मागचं दार उघडंच होतं.

तो उठून उभा राहिला. "थांबा, थांबा! बाबा, ही वाट कुठे होती? चार वेळा खेळलोय मी! आई, इकडे ये, बाबांनी काय शोधलं बघ!" वैजयंती पिठाचे हात घेऊन आली, पडद्याकडे बघून "दार तर दार" म्हणाली आणि गेली. तो कितीतरी वेळ त्या दाराशी माझा माणूस पुढे-मागे चालवत राहिला. म्हणाला, "मिळालं मला पहिल्यांदा. थोडंसं."

गेम आता थोडाच राहिला होता. दोन रविवार, फार तर तीन. त्याला घाई नव्हती. म्हणायचा, शेवट तुम्ही बघाल तेव्हा मला इथे बसायचं आहे.

आता तुला कळेल की तलावावर तू जे वाक्य बोललास ते माझ्या तोंडात होतं. गुरुजींनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासून होतं. सगळ्यांसमोर ते कसं म्हणायचं एवढंच मी शोधत होतो. तू शोधत बसला नाहीस. तू कधीच शोधत बसत नाहीस. कावळ्याला भूक लागली असेल, असं मी स्वतःला सांगतो.

एवढ्यावर थांबला असतास तरी चाललं असतं. पण तू वचन पाळलंस. तेराव्याला जेवणं झाल्यावर, पाहुणे बसलेले असताना, तू हॉलमध्ये मशीन लावलंस. एका हातात मोबाईल, त्यावर कोणीतरी आधी खेळलेला व्हिडिओ, त्यात बघायचं आणि तसं करायचं. जिथे मी महिनेच्या महिने फिरलो, तिथून तू जेवण जिरायच्या आत पलीकडे गेलास. पोरं ओरडत होती. तुझी शुभदा मोबाईलवर शूटिंग करत होती. मी आतून चहाचा ट्रे घेऊन आलो आणि तू हाक मारलीस, "दादा, ये ये, लास्ट सीन आहे! बघ, काय भारी आहे!"

आणि मी पाहिलं. ट्रे हातात होता, मान वळवायची राहून गेली. सगळं पाहिलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेराव्याच्या दिवशी, माझ्या घरात. तू डोळे पुसत म्हणालास, "झालं रे ऋष्या." शुभदाने तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "ऋषीची शेवटची इच्छा पूर्ण." सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले, कारण न जोडता राहिलो असतो तर कोणीतरी फोन करून विचारलं असतं.

पोराने माझ्यासाठी एक गोष्ट राखून ठेवली होती. ती मी घ्यायची होती, माझ्या चालीने, धडपडत. ती तू घेतलीस, आणि उष्टी करून माझ्यासमोर धरलीस. त्यावर मी तुला चहा दिला. हे मला तू केलंस त्यापेक्षा जास्त टोचतं.

माफी मागायला येऊ नकोस. तू आलास की रडशील आणि मला तुला समजवावं लागेल. माझ्याकडून आता ते व्हायचं नाही.

मला दोनच गोष्टी हव्या आहेत. शुभदाने तो व्हिडिओ ग्रुपवरून काढावा. पुढे ज्यांना पाठवला असेल त्यांनाही काढायला सांगावं. आणि तो शेवट तुमच्या घरातल्या कोणीही, मिथुननेसुद्धा, वैजयंतीला सांगायचा नाही. गमतीत नाही, ऋषीची आठवण म्हणून नाही, कशासाठीच नाही.

तिने तो पाहिलेला नाही. तेराव्याला ती आतल्या खोलीत पडून होती आणि त्यानंतर तिने ग्रुप उघडलेला नाही. टाळ्यांचा आवाज आला तेव्हा तिला वाटलं कोणाचं पोर नाचतंय.

चिपळूणला निघायच्या आदल्या दिवशी ती भाकऱ्या करत होती. पाठ माझ्याकडे होती. म्हणाली, "अहो, त्या दारातून तुम्ही आत गेलात, मग पुढे काय होतं? मला इथे नुसती घंटा ऐकू यायची. तो एवढा कशाला ओरडायचा?"

माझ्या ओठांवर आलं होतं. मी सांगितलं नाही. म्हटलं, "तू बघ." ती म्हणाली, "मला कुठे जमणार ते." नको म्हणाली नाही. वैजयंतीला नको म्हणायचं असलं की ती नको म्हणते, हे तुला माहीत आहे.

तेव्हा मशीन इथेच राहील. तिच्यासाठी गेम पहिल्यापासून लावायचा. ती भिंतीला धडकेल, मला वाटेल ते बोलेल, आणि मला गप्प बसायचं आहे. जमेल का माहीत नाही. उशी आहे.

वर आशीर्वाद लिहिला आहे तो सवयीने लिहिला गेला. खोडत नाही. पण बुधवारी ती घरात पाऊल टाकेपर्यंत व्हिडिओ निघालेला असला, तरच तो तुझ्यासाठी आहे असं समज. नसला तर पुन्हा पत्र येणार नाही.

पत्र उद्या कुरिअरने टाकतो, मंगळवारी मिळेल. कंट्रोलर चार्जिंगला लावला आहे. मेथी सुकायला लागली. ती निवडायला बसतो.

जयप्रकाश