धाकटीला, तळ्याबद्दल

प्रिय धाकटे,

एका घरात राहणाऱ्या दोन जावांवर एकमेकींना पत्र लिहायची वेळ यावी, यातच काय ते आलं. मी खाली, तू वर, मध्ये एक जिना. तरी मी कागद घेऊन बसले आहे, कारण तू समोर येशील तर ना. मी दुकानातून येते तेव्हा तुझं दार लागलेलं असतं. फोन केला की भाऊजी उचलतात आणि ती अंघोळीला गेलीये म्हणतात. इतक्या अंघोळी तर आपण रोज पोहायला जात होतो तेव्हाही करत नव्हतो. सासूबाईंची समजूत अशी की आपलं कपडे धुवायच्या मशीनवरून बिनसलंय. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तू थोरली आहेस, तू पडतं घे. घेतलं बाई. कशाबद्दल ते मला ठाऊक नाही, पण घेतलं.

मुळात हे खूळ तुझं. पोहणं, सायकल आणि पळणं एका दमात करायची ती शर्यत तुला करायची होती. मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेम बसवणारी बाई. बस सुटत असली तरी न पळणारी. तू म्हणालीस, वहिनी, पळणं आणि सायकल माझं मी बघते, पण पाण्यात मला एकटीला उतरवत नाही, तुम्ही नुसत्या सोबतीला चला. आणि सोबतीला आलेल्या बाईचं नाव परस्पर नोंदवून मोकळी झालीस. पोहण्याची टोपी माझ्या हातात पडली तेव्हा मला ते कळलं. ती टोपी घातल्यावर मी कशी दिसते यावर तू पायरीवर बसून हसलीस, तेही माझ्या लक्षात आहे.

पहिला आठवडा आपण पोहण्याच्या क्लासात भिंत धरून पाण्यात बुडबुडे काढले. मला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसेना, पण तुझा जीव जात होता. तू आजवर कशात मागे राहिली नाहीस, त्यामुळे शिकाऊ असणं तुला जमतच नाही. कोचबाई घसा फोडून सांगायच्या, आतली हवा पाण्यात सोडा, सोडल्याशिवाय नवी आत येणार कुठून. मी आळशी, म्हणून मला ते चटकन जमलं. तू मात्र श्वास कोंडायचीस आणि हातापायांच्या जोरावर दुसरी भिंत गाठायचीस. डोकं वर काढलं की तुझे पाय खाली जायचे, मग तू आणखी जोर लावायचीस. कोचबाई म्हणाल्या, दम कोंडून इथलं अंतर निघेल, शर्यतीच्या तळ्यात नाही निघायचं. तू मान डोलावलीस. तुझं ते मान डोलावणं म्हणजे ऐकलं नाही असा अर्थ असतो, हे मला लग्नानंतर आलीस तेव्हापासून माहीत आहे. कोचबाईंना माहीत नव्हतं. मी सांगायला हवं होतं, पण सांगितलं असतं तर तू माझ्याशी बोलली नसतीस. आताही बोलत नाहीसच म्हणा.

मग तळ्यातल्या पहिल्या सरावाचा दिवस. धरायला भिंत नाही, तळाशी सरळ रेघ नाही, पाणी हिरवं, स्वतःचा हातसुद्धा कोपरापुढे दिसत नव्हता. सगळ्यांच्या कमरेला तरंगायचे नारिंगी फुगे बांधले होते. कोचबाई होडीतून ओरडत होत्या, सावकाश, एकमेकांजवळ राहा. तू अर्थातच पुढे गेलीस. मी मागून रमतगमत येत होते, तर तू मध्येच उभी राहायला बघत होतीस. उभं राहायला तिथे काही नव्हतं. तुझे डोळे मी तसे कधी पाहिले नव्हते. मी जवळ आले आणि तू माझी मान धरलीस.

पुढचं तुला नीट आठवत नसणार, म्हणून मी सांगते, कारण तू मनात काहीतरी भलतंच रचून बसली आहेस. मी खाली गेले, वर आले, पुन्हा खाली गेले. घाबरले का? घाबरले. तोंडात पाणी गेलं. मग कोचबाईंचं आठवलं. कोणी धरलं तर ओढाताण करायची नाही, आपण खाली जायचं, त्याला वर राहायचं असतं, तो सोडतो. मी खाली गेले. तू सोडलंस. मी तुझ्या मागून वर आले, माझा फुगा तुझ्या काखेत सरकवला आणि तुला उताणी हो म्हणाले, ओरडूनच म्हणाले. आणि तू झालीस. आयुष्यात पहिल्यांदा तू माझं एका सांगण्यात ऐकलंस. तोवर होडी आली. एवढंच झालं. काठावर चादरीत गुंडाळून बसलो होतो तेव्हा तुझे दात वाजत होते, माझेही वाजत होते, आणि तरी मला वाटलं होतं की घरी जाऊन आपण यावर हसू.

पण तुला माझ्या मानेवरचे ओरखडे दिसले. दुसऱ्या दिवशी दारात मलमाची नळी, सोबत चिठ्ठीही नाही. तुझी खूण नसेल तर मी काय समजायचं, दूधवाल्याने ठेवली? मलम मी लावलं. ओरखडे गेले. दुकानात एका गिऱ्हाइकाने मांजर पाळलंय का विचारलं, मी हो म्हणाले. मी पोहायलाही एकटी जाऊन आले. शेजारून लाथा मारून माझ्या तोंडावर पाणी उडवायला कोणी नव्हतं, तर दोन फेऱ्यांत कंटाळले आणि परत आले. मधल्या काळात मी तुझ्यावर मनसोक्त चिडून घेतलं, पण मान धरलीस म्हणून नाही. तोंड लपवतेस म्हणून.

आणि आज भाऊजी खाली आले होते. चहाचा कप हातात फिरवत म्हणाले, आम्ही भाड्याने जागा बघतोय, हिला इथे अडचण होते. आमचे हे, म्हणजे तुझे दादा, कपबश्या उचलून आत गेले. एवढी वर्षं तुला या घरात अडचण झाली नाही, ती आत्ता व्हायला लागली. म्हणून हे लिहिलं. तू मला बुडवायला निघाली नव्हतीस, धाकटे. जवळ मी होते म्हणून मला धरलंस. लांब राहायला गेलीस तर कोणाला धरशील? रविवारी कोचबाई आपल्या दोघींना फक्त छातीइतक्या पाण्यात घेणार आहेत, नुसतं उताणं तरंगायला. तुझं नाव मी परस्पर सांगून आले आहे. जागा त्यानंतर बघायला जा. मीही येईन, आणि तिथे मला एकही खोली पसंत पडणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

तुझीच, कितीही चिडली तरी,
थोरली