चष्म्याची फ्रेम मीच निवडणार

सोमवार, ४ मार्च
चष्म्यावर बसलो. तो खुर्चीत ठेवला कुणी? मीच, पण टेबलावर जागा नव्हती. म्हणजे दोष टेबलाचा. ही म्हणाली, दर वेळी फ्रेम निवडायला मला ओढत नेता, या वेळी मी येणार नाही. बरंच झालं! घड्याळजी माणूस मी, केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरतो, मला फ्रेम निवडता येणार नाही? संकल्प: यापुढे मनात पहिलं येईल तेच करायचं.

शाळेच्या मोठ्या बाईंचं मनगटी घड्याळ शनिवारी द्यायचंय. ते नीट झालं तर शाळेची सगळी घड्याळं कायमची आपल्याकडे, असा शब्द दिलाय त्यांनी. चिक्कार वेळ आहे.

मंगळवार, ५ मार्च
डोळे तपासले. डॉक्टरीणबाई काचा बदलून विचारतात, हे स्पष्ट की हे? हा काय प्रश्न झाला? दोन्हींत काही ना काही गुण असतातच. म्हटलं, मघाचं परत दाखवा. मग त्याच्या आधीचं. मग विचारलं, तुम्हाला कुठलं बरं वाटतं? म्हणाल्या, डोळे तुमचे आहेत. बाहेरच्या बाकावरचे पेशंट उगाच खोकत होते. शेवटी नंबर बाईंनीच ठरवला. अर्थात माझ्या संमतीने.

बुधवार, ६ मार्च
पहिल्या नजरेत काळी फ्रेम आवडली. निर्णय पक्का! पण आरशात बघतो तर स्वतःचं तोंडच दिसेना. दुकानातल्या फ्रेमला नंबराची काच नसते, मग आपण कसे दिसतो हे कळायचं कसं? फ्रेमवाला म्हणाला, झकास. तपकिरी लावली, तेव्हाही झकासच. असल्या माणसाचा काय भरवसा? दोन्ही घरी आणल्या.

गुरुवार, ७ मार्च
शेजारचे काका म्हणाले काळी. काकू म्हणाल्या तपकिरी. दोघांची चांगलीच जुंपली, मी हळूच सटकलो.
दुपारी: काळीच.
संध्याकाळी: तपकिरी. पण ठामपणे.

हिने विचारलं, बाईंच्या घड्याळाचं काय? म्हटलं, हातात घेतलंय. (घेतलंय खरं, पण दिसत नाही.) ही म्हणाली, हे काम गेलं तर दुकान चालायचं नाही, कळतंय ना? आवाज कापत होता तिचा. मलाही गलबलून आलं. उद्या पहिलं काम फ्रेम.

शुक्रवार, ८ मार्च
फ्रेमवाल्याला काळी सांगितली. जिना उतरलो. परत चढून तपकिरी सांगितली. वाटेतून फोन केला. म्हणाला, काका, आता सोमवारीच या, आणि येताना काकूंना घेऊन या. धंद्यात इतका चिडखोरपणा बरा नव्हे.

शेवटी हिचा वाचायचा चष्मा लावून बाईंचं घड्याळ केलं. टिकटिक सुरू! माझं कुणावाचून अडत नाही.

शनिवार, ९ मार्च
मोठ्या बाई आल्या. घड्याळ चालू बघून खूश झाल्या. मग जवळ धरून बघत राहिल्या. मिनिटकाटा बरोबर बारावर, आणि तासकाटा तीन आणि चारच्या मधोमध. त्यांनी विचारलं, वाजले किती, तीन की चार? मी म्हटलं, त्याच सुमाराला. त्या तडक समोरच्या घड्याळजीकडे गेल्या. किरकिऱ्या आहेत. खरं म्हणजे शाळेचं काम नकोच, असं माझं आधीपासून मत होतं.
हिने आपला वाचायचा चष्मा कपाटात ठेवून कुलूप लावलं.

सोमवार, ११ मार्च
ही आली. काळी उचलली, "हीच" म्हणाली, निघाली. माझीच निवड!

बुधवार, १३ मार्च
चष्मा आला. उत्तम आहे. माझ्या टेबलावरून समोरचं दुकान लख्ख दिसतं. शाळेचा शिपाई तिथे हातगाडीवरून घड्याळं उतरवतोय. नवा चष्मा डोळ्यांना जरा झोंबतो. पाणी येतं.

संध्याकाळ: समोरचा घड्याळजी स्वतः आला. म्हणाला, एकट्याला झेपत नाहीत, निम्मी तुम्ही घ्या. भला माणूस. मी "विचार करून" एवढं म्हणेपर्यंत ही "हो" म्हणून मोकळी झाली. आमची मनं जुळतात ती अशी. मग ही चहा टाकायला आत गेली, आणि त्याने मला विचारलं, भिंतीवरची घेता की टेबलावरची?

तो समोर स्टुलावर बसलाय. हिशेब बघतोय असं वाटावं म्हणून मी हे लिहितोय. हिला दोनदा हाक मारून झाली.